अंधारातून आलेल्या हाका

१२ सप्टेंबर १९४२. दुसरं महायुद्ध. दक्षिण अटलांटिक महासागर.

रात्री आठच्या सुमाराला 'लॅकोनिया' या ब्रिटिश जहाजात दोन टॉर्पेडो घुसले. जहाजावर सत्तावीसशेच्या आसपास माणसं. त्यांत सैनिक होते, बायकामुलं होती आणि तळाशी कोंडलेले सुमारे अठराशे इटालियन युद्धकैदी. कित्येक कैदी त्या बंद दारांमागेच बुडाले.

टॉर्पेडो डागणारी जर्मन पाणबुडी यू-१५६ पाण्यावर आली. तिचा कप्तान वेर्नर हार्टेनश्टाइन. अंधारातून हाका ऐकू येत होत्या, आणि त्या इटालियन भाषेत होत्या. म्हणजे जर्मनीच्याच बाजूने लढणाऱ्या देशाची माणसं! त्याने त्यांना वर ओढायला सुरुवात केली. पण पुढे इंग्रज आले, पोलिश आले, तेव्हाही त्याने हात आखडता घेतला नाही. मला हा माणूस इथे मोठा वाटतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने बिनतारी संदेश पाठवला. सांकेतिक लिपी नाही, साधी सरळ इंग्रजी. स्वतःचा ठावठिकाणा शत्रूला सांगितला. कुठलंही जहाज मदतीला आलं, तर आमच्यावर हल्ला होत नाही तोवर मीही हल्ला करणार नाही, असा शब्द दिला. पाणबुडीचा सगळा जीव लपून राहण्यात असतो. तोच त्याने पणाला लावला.

चिंचोळ्या पाणबुडीत दोनशेच्या घरात माणसं दाटीवाटीने बसली. आणखी तितकीच मागे दोराने ओढलेल्या होड्यांत. जर्मनांच्या आणखी दोन पाणबुड्या आल्या, एक इटालियन आली. पश्चिम आफ्रिकेतल्या बंदरांतून फ्रेंच जहाजं निघाली.

१६ सप्टेंबर. वर अमेरिकन विमान घिरट्या घालू लागलं. यू-१५६ वर रेड क्रॉसचा मोठा झेंडा पसरलेला होता. पाणबुडीवरच्या एका ब्रिटिश अधिकाऱ्याने विमानाला इशारा करून मदत मागितली. विमान गेलं. अटलांटिकमधल्या असेन्शन बेटावरच्या अमेरिकन तळाने हुकूम दिला, पाणबुडी बुडवा. ते परतलं आणि बॉम्ब टाकू लागलं. एक बॉम्ब होड्यांमध्येच पडला.

हार्टेनश्टाइनने दोर तोडायला लावले, वाचवलेल्यांना पुन्हा पाण्यात उतरवलं आणि पाणबुडी खाली नेली. दुसऱ्याच दिवशी जर्मन पाणबुडीदलाचा प्रमुख डोनिट्झ याचा आदेश निघाला: यापुढे बुडालेल्या जहाजांवरच्या कोणालाही वाचवायचं नाही.

तरीही फ्रेंच जहाजांनी उरलेल्यांना उचललं. एकूण अकराशेच्या आसपास माणसं वाचली. दोन होड्या मात्र या जहाजांना दिसल्या नाहीत. त्यांतली एक २७ दिवसांनी आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागली. निघताना तिच्यात ६८ जण होते, पोचले १६.

मार्च १९४३. बार्बाडोसजवळ अमेरिकन विमानाने यू-१५६ बुडवली. पाण्यात काही जण जिवंत दिसले. विमानाने त्यांच्यासाठी तराफा खाली टाकला, नंतर एका विनाशिकेने शोधही घेतला. कोणीच सापडलं नाही.