पत्र्याखालची पूड आणि मुळाशी बसलेली राखण

शेतकरी बंधू-भगिनींनो, राम राम.

आधी माझीच फजिती सांगतो. मागच्या उन्हाळ्यात मिरचीच्या रोपांसाठी स्यूडोमोनास या उपयोगी जिवाणूच्या पुडीच्या दोन पिशव्या आणल्या आणि आखाड्यावर पत्र्याखाली ठेवून दिल्या. मे महिना, परभणीचं ऊन, पत्र्याला हात लावला तर चटका बसायचा. जूनमध्ये तीच पूड मोठ्या विश्वासानं बियाण्याला चोळली. जिवाणू केव्हाच मरून गेले होते. मी चोळत होतो ते नुसतं शंखजिरं.

आज बोलायचंय ते याच जिवाणूंबद्दल. पुष्कळांना वाटतं, हे कीड मारायचं औषध आहे. तसं नाही. अळी वर पानावर, जिवाणू खाली मुळाशी, दोघांची गाठसुद्धा पडत नाही. मुळांतून जी साखर पाझरते तिच्यावर हे जिवाणू जगतात. त्यांची वस्ती एकदा मुळावर बसली की झाड सावध होतं. गावात चोर आल्याची आवई उठली की माणसं काठी उशाशी घेऊन झोपतात ना, तसं. काठी चाललेली नसते, पण हाताशी असते. मग अळीनं पहिला चावा घेतला की झाडात जास्मोनिक आम्ल नावाचं संप्रेरक भराभर वाढतं आणि पानात अशी प्रथिनं तयार होतात की अळीला खाल्लेलं पचत नाही. ती खाते, पण अंगी लागत नाही.

काकडीची गंमत तर ऐकण्यासारखी आहे. काकडी कडू निघाली की आपण थुंकतो. त्या कडूपणाचं नाव कुकुरबिटासिन. अमेरिकेत काकडीवर पडणारे काही भुंगेरे मात्र याच कडूवर लुब्ध असतात. 1990 च्या दशकात अलाबामातल्या संशोधकांनी काकडीच्या मुळांना असे जिवाणू लावून पाहिले. वेलीतलं कुकुरबिटासिन कमी झालं आणि भुंगेऱ्यांचं खाणंही घटलं. ते भुंगेरे जो मर रोग पसरवतात, तोही त्यामुळे कमी झाला. म्हणजे इथं झाडानं काही नवं विष बनवलं नाही, ताटातला आवडता पदार्थ तेवढा काढून घेतला!

पण सगळ्या किडींना ही मात्रा लागू पडत नाही. पानं कुरतडणाऱ्या अळ्यांवर गुण दिसतो. मावा, पांढरी माशी ही मंडळी सोंड खुपसून गुपचूप रस ओढतात, तिथं फार भरवसा ठेवू नका. काही प्रयोगांत तर मावा उलट जास्त पोसला. त्यामुळे पिवळे चिकट सापळे आणि निंबोळी अर्क सोडायचा नाही. ‘सगळ्यावर चालतं’ असं कुणी म्हणालं तर ऐकून घ्या आणि पुढच्या दुकानात जा.

वापरायचं केव्हा? कीड दिसल्यावर नाही, ते तहान लागल्यावर विहीर खणण्यासारखं झालं. बियाण्याला किलोमागे 10 ग्रॅम पूड, सावलीत चोळायची. मिरची-वांग्याचं बी असतं तोळा-दोन तोळे, त्याला चिमूटभर पुरते. संकरित बी आधीच औषधाचा रंग लावून येतं, तिथं लागवडीच्या दिवशी रोपांची मुळं याच पुडीच्या द्रावणात वीसेक मिनिटं बुडवा. पाणी विहिरीचं घ्या, ब्लिचिंग टाकलेलं नळाचं नको. तांबेयुक्त बुरशीनाशकाची आळवणी त्याच आठवड्यात केली तर पैसे पाण्यात. आणि कुजलेलं शेणखत हवंच. आपल्या काळ्या जमिनीत सेंद्रिय कर्ब आधीच कमी, नुसती वस्ती बसवून खायला काही दिलं नाही तर ती टिकेल कशी?

माझ्या पत्र्याखालच्या पिशव्यांचं कारणही सांगून टाकतो. स्यूडोमोनास बीजाणू धरत नाही, म्हणून उष्णता त्याला सोसत नाही. बॅसिलस सबटिलिस हा दुसरा उपयोगी जिवाणू बीजाणूच्या कवचात दडून राहतो, त्याला आपला उन्हाळा बराच झेपतो. ज्याच्याकडे गारव्याची जागा नाही, त्यानं बॅसिलस घ्यावा. घेताना तारीख पाहायचीच. परभणीच्या आपल्या कृषी विद्यापीठाचं बायोमिक्स मिळतं, त्यात उपयोगी बुरश्या आणि जिवाणू दोन्ही एकत्र असतात.

याच बॅसिलसच्या भाऊबंदांतला एक मात्र खरोखर अळी मारतो. तो बीटी, म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस. कोबीवरच्या चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाच्या अळीसाठी तो संध्याकाळी फवारतात, कारण उन्हात त्याचा जोर ओसरतो. बीड-जालन्याकडच्या तुती लावलेल्या मंडळींनी इथं कान द्या. 1901 साली जपानमध्ये हा जिवाणू सापडला तो मेलेल्या रेशीम अळ्यांमध्ये! शेजारच्या कोबीवर फवारा मारताना वारं तुतीकडे असेल, तर पंप खाली ठेवा.

यंदा एक करून पाहा. टोमॅटोच्या रोपांचे दोन ट्रे घ्या, एकाला जिवाणू द्या, दुसरा तसाच ठेवा. शेजारशेजारच्या सरीत लावा, ओळखायला काठीला चिंधी बांधा. दर आठवड्याला दोन्हीकडची दहा-दहा झाडं धरून कुरतडलेली पानं मोजा आणि वहीत लिहा. फरक दिसला नाही, तरी तेही लिहा.

नमस्कार.