बडोद्याच्या कानांनी वाचताना

[दृश्य : पुस्तकांच्या कण्यांवरून सावकाश सरकणारा कॅमेरा]

'मृत्युंजय' मला आवडत नाही. हे आधीच सांगते, कारण माझी पुढची बरीचशी मतं या एका नापसंतीतूनच निघाली आहेत.

शिवाजी सावंतांची ही कादंबरी १९६७ साली आली आणि मराठी घरांत ती पोथीसारखी जपली गेली. कर्ण, कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली आणि कृष्ण असे सहा जण आळीपाळीने आपली बाजू सांगतात. रचना हिमतीची आहे. पण पुस्तक मधेच कुठेही उघडा, सांगणाऱ्याचं नाव हाताने झाका आणि एक परिच्छेद मोठ्याने वाचा. कोण बोलतंय हे ओळखता येतं का? राजमाता, सूतपुत्राची बायको आणि द्वारकेचा कृष्ण, तिघांची वाक्यं एकाच वळणाची, उपमाही एकाच घराण्यातल्या. शोण सारथ्याच्या घरात वाढला, पण त्याच्या बोलण्याला तबेल्याचा वास येत नाही.

कर्णाचा अपमान खोटा आहे असं मात्र मी म्हणणार नाही. जन्मावरून ज्यांना कुणी दारात थांबवलं आहे, त्यांना तो कर्ण आपला वाटतो. त्या वाटण्याचा मला आदर आहे. माझी तक्रार फक्त आवाजाची आहे.

तीच तक्रार खांडेकरांच्या 'ययाति'बद्दल. १९५९ची कादंबरी, पुढे ज्ञानपीठ मिळवणारी. ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापलं आयुष्य सांगतात. देवयानी संतापली की तिचा सूर खरंच वेगळा लागतो, तेवढी पानं मला मनापासून आवडतात. राग ओसरला की तीही लेखकाच्याच भाषेत विचार करू लागते. रणजित देसाईंच्या 'स्वामी'त असा प्रश्न येत नाही, तिथे सांगणारा बाहेरचा आहे. माधवराव आणि रमाबाई यांच्यातला जिव्हाळा तो हळुवार हाताने मांडतो. फक्त रमाबाईंनी आणखी बोलायला हवं होतं.

[दृश्य : डांडिया बाजार, सकाळची वर्दळ, मग सूरसागरचा काठ]

मी बडोद्याची. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर गुजराती. भाजीवाल्याशी घासाघीस गुजरातीत होते, पिशवी उचलताना बरोबरच्या माणसाशी मराठी सुरू होतं, आणि त्या मराठीत 'थोडी वार थांब', म्हणजे थोडा वेळ थांब, सहज येऊन जातं. पुण्याहून आलेले पाहुणे ऐकतात आणि हसतात. अशा गावात वाढलेल्या माणसाचे कान तिखट होतात. कोण कुठल्या पेठेतला, कोण कितव्या पिढीचा, कुणाची आई गुजराती, हे दोन वाक्यांत कळतं. कथा-कादंबरी वाचताना हे कान मी बाजूला काढून ठेवू शकत नाही.

[दृश्य : मध्यवर्ती ग्रंथालय, लोखंडी मांडण्या, काचेच्या जमिनीतून झिरपणारा उजेड]

आणि वाचायला मिळालं ते इथे. बडोदा संस्थानचे राजे सयाजीराव गायकवाड महाराजांनी १९०६ साली राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. शिकलेली माणसं पुढे वाचणार काय, हा प्रश्न त्यांनी तिथेच सोडला नाही. अमेरिकेतली ग्रंथालयं पाहून १९१० साली त्यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बडोद्यात आणलं. महाराजांचा स्वतःचा ग्रंथसंग्रह लोकांसाठी खुला झाला, तेच हे मध्यवर्ती ग्रंथालय. गावोगाव लाकडी पेट्यांतून पुस्तकं जाऊ लागली. एका गावात वाचून झाली की पेटी परत यायची आणि पुढच्या गावाला निघायची.

इथल्या मांडण्यांच्या मजल्यांना जाड काचेची जमीन आहे, म्हणजे वरचा उजेड खालच्या कपाटांपर्यंत पोहोचतो. ग्रंथालयात वाढलेल्या वाचकाला पुस्तकाचा मान किमतीवरून किंवा प्रकाशकावरून ठरवायची सवय लागत नाही. रहस्यकथेवर जो शिक्का, तोच ज्ञानपीठ मिळालेल्या कादंबरीवर. माझी आवड सरमिसळ झाली ती त्यामुळे, आणि ती तशी झाली याचा मला अभिमान आहे.

[दृश्य : जीर्ण पानं, जुनी छपाई]

आता ज्या पुस्तकासाठी मी कुणाशीही वाद घालीन, ते. हरिभाऊ आपट्यांचं 'पण लक्षांत कोण घेतो?'. १८९० पासून 'करमणूक' साप्ताहिकात ते क्रमशः येत होतं. यमू स्वतःची गोष्ट सांगते. लहानपणची भातुकली, माहेर, सासर, मुंबईत नवऱ्याबरोबरचे थोडके सुखाचे दिवस, त्याचा मृत्यू, आणि मग जबरदस्तीने केलेलं केशवपन. पुस्तक फार लांब आहे. कितीतरी प्रकरणं आज कुणी हातात दिली तर मी निम्म्याने कापीन. तरीही ती मुलगी बोलायला लागली की लिहिणारा पुरुष कुठे दिसतच नाही. लहान यमू मोठ्यांचं बोलणं अर्धवट ऐकते, अर्धवट समजते आणि जेवढं समजलं तेवढंच सांगते. न समजलेलं आपल्याला आधी कळतं, आणि तिच्यासाठी जीव तुटतो. हे सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी मराठीत जमलं होतं. नंतरच्या किती लेखकांना ते जमलं, हा प्रश्न मला छळतो.

त्यानंतर चाळीसेक वर्षांनी, १९३३ साली, 'कळ्यांचे निःश्वास' आलं. लेखिका विभावरी शिरूरकर. नाव टोपण होतं, कारण शिकलेल्या, लग्नाविना राहिलेल्या, पगार घरी देणाऱ्या मुलींच्या मनातलं त्यात उघड लिहिलं होतं आणि त्यावरून गहजब झाला. त्या म्हणजे मालती बेडेकर. कथा म्हणून त्यातल्या काही आज कच्च्या वाटतात. आवाज मात्र कच्चा नाही. ती बाई घाबरलेली आहे आणि तरी बोलते आहे, हे दोन्ही एकाच वाक्यात ऐकू येतं.

त्यांचे पती विश्राम बेडेकर. त्यांची 'रणांगण' १९३९ची. एक बोट, युरोपातून निघालेली. तिच्यावर जर्मनीतून हाकलले गेलेले ज्यू, त्यांच्यातली हॅर्टा, आणि मुंबईला परतणारा चक्रधर. एका बैठकीत संपेल एवढीच कादंबरी. चक्रधर मला माणूस म्हणून आवडत नाही, तो प्रेमातसुद्धा हात राखून असतो. पण बेडेकर त्याला सावरून घेत नाहीत. त्याचा कोरडेपणा त्याच्याच तोंडून ऐकवतात आणि निवाडा आपल्यावर सोडतात. 'मृत्युंजय'च्या तोडीची भव्यता इथे कुठेच नाही, आणि मला ती आठवतही नाही.

[दृश्य : जुन्या रहस्यकथांची रंगीत मुखपृष्ठं]

रहस्यकथांबद्दल थोडक्यात. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक लिहिल्या. त्यांच्या काळा पहाड, झुंजार या नायकांची नावं आमच्या आधीच्या पिढीच्या ओठांवर होती. एकामागून एक चार वाचल्या की पाचवीचं पुढचं पान दिसू लागतं, पण कितीतरी लोकांना वाचनाची गोडी त्यांनी लावली हे विसरणं कृतघ्नपणाचं होईल. भयकथा लिहिणाऱ्या नारायण धारपांना मात्र मराठीने न्याय दिलेला नाही, असं मी ठामपणे म्हणते. परदेशी भयकथांचा त्यांच्यावर ठसा आहे, मान्य. पण त्यांचा निवेदक बघा. साधा, नोकरीपेशातला, आवाज न चढवणारा माणूस. तो शांतपणे जिना किती पायऱ्यांचा आहे ते सांगतो, खोलीत दिवा कुठे आहे ते सांगतो, आणि तेवढ्याने भीती चढत जाते. आवाजावरचा हा ताबा गंभीर म्हणवणाऱ्या पुष्कळ कादंबऱ्यांत मला सापडत नाही.

जयंत नारळीकरांची पहिली विज्ञानकथा 'कृष्णविवर' १९७४ च्या सुमारास मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत पहिली आली. नाव ओळखलं जाऊ नये म्हणून त्यांनी ती नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली होती. त्यांच्या कल्पना मला थक्क करतात. माणसं मात्र शंका विचारायला आणि समजावून सांगायलाच जमलेली वाटतात. कल्पनेसाठी मी त्या कथा पुन्हा वाचीन. त्यातल्या कुणाची आठवण येऊन नव्हे.

[दृश्य : पावसाळी संध्याकाळ, ग्रंथालयातून बाहेर पडणारे वाचक]

जी. ए. कुलकर्णी. इथे थांबायला हवं.

जी.ए. धारवाडला राहिले. कन्नड मुलखात बसून मराठी लिहिणारा माणूस. म्हणून आम्हा बडोदेकरांना ते जवळचे वाटायला हवेत, आणि मला वाटतातही, पण अर्धेच. 'निळासावळा', 'पारवा' या सुरुवातीच्या संग्रहांतली माणसं त्या सीमेवरच्या गावांतली आहेत. त्यांच्या मराठीला कानडी हेल आहे. त्यांची दारिद्र्यं, घरातली भांडणं, एखाद्या मावशीची न बोलता केलेली माया, हे सगळं त्या हेलासकट येतं. पुढे 'रमलखुणा'त, 'प्रवासी' आणि 'इस्किलार' या दीर्घकथांत, गाव नाहीसं होतं. वाळवंट येतं, देवळं येतात, नावं कुठल्याच मुलखाची नसतात, आणि प्रत्येक जण नियतीबद्दल एकाच गंभीर सुरात बोलतो. अभ्यासकांना तिथे जी.ए. सर्वांत मोठे दिसतात. मला तिथे ते एकटे दिसतात. ज्या कानांनी त्यांनी धारवाड-बेळगावची बोली टिपली, ते कान त्यांनी स्वतःहून मिटून घेतले, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

हे मत मी कुणावर लादत नाही. पण विचारलंत तर बदलणारही नाही.

'कोसला'बद्दल विचारतातच सगळे. १९६३, भालचंद्र नेमाडे, पांडुरंग सांगवीकर. मराठी गद्य या पुस्तकानंतर मोकळं बोलायला लागलं, हे मला मान्य आहे. बहिणीच्या मृत्यूची पानं मराठीतल्या सर्वोत्तम पानांपैकी आहेत. तिथे पांडुरंग तऱ्हेवाईक राहत नाही, फुटतो. पण वसतिगृहाच्या दिवसांचं पाल्हाळ मला थकवतं, आणि घराबाहेरची एकही बाई या पुस्तकात नीट माणूस म्हणून उभी राहत नाही. त्यापेक्षा मिलिंद बोकिलांची 'शाळा' मी अधिक वेळा हातात घेते. आणीबाणीच्या काळातला नववीतला मुकुंद त्याच्याच वयाच्या भाषेत बोलतो, आणि कुठेही मोठ्या माणसासारखा शहाणा होत नाही.

गौरी देशपांड्यांच्या 'एकेक पान गळावया'त तीन दीर्घकथा आहेत. त्यांची बाई कुणाची परवानगी मागत नाही, तिचं वाक्य तडफेचं आणि उतावळं. ती बाई सुखवस्तू घरातली आहे, तिला स्वयंपाकाची काळजी नाही, असा आक्षेप घेतात. बरोबर आहे. पण आपल्याच वर्गातल्या बाईबद्दल इतकं निखळ लिहिणंही सोपं नसतं.

[दृश्य : कोरडी जमीन, ढगांकडे पाहणारा शेतकरी]

बडोद्यात राहण्याचा सर्वांत मोठा लाभ म्हणजे शेजारची भाषा मूळातून वाचता येते. पन्नालाल पटेलांची 'मानवीनी भवाई' १९४७ची. उत्तर गुजरातच्या गावातले काळू आणि राजू, एकमेकांसाठी असलेले पण दुसऱ्यांशी लग्न लागलेले. आणि त्यांच्यावर येऊन आदळणारा छप्पनिया दुष्काळ, विक्रम संवत १९५६ चा, म्हणजे १८९९-१९०० चा. आमचं बाजारातलं गुजराती या पुस्तकाला पुरत नाही. डोंगराळ भागातली शेतकऱ्यांची बोली आहे, अडखळत वाचावी लागते. धर्मादाय धान्यासाठी हात पसरायची वेळ येते तेव्हा काळूला भुकेपेक्षा ती भीक जड होते. मी ती पानं वाचून पुस्तक मिटलं आणि उद्धव शेळक्यांची 'धग' काढली.

'धग' १९६० ची. वऱ्हाडातली कौतिक. नवरा खचलेला, पुढे महारोगाने पोखरलेला, पोरं वाढवायची, आणि शेवटी तिचं मनच हात टेकतं. शेळके तिला एकदाही थोर म्हणत नाहीत. ती वऱ्हाडीत बोलते, भांडते, हिशेब करते, खोटी आशा धरते. काळू आणि कौतिक शेजारी ठेवले की मला दिसतं ते असं: काळूच्या दुष्काळाला शेवट आहे, पाऊस येतो. कौतिकच्या घरातलं दारिद्र्य पाऊस पडूनही तसंच राहतं. म्हणून 'धग' मला अधिक कठोर, आणि अधिक खरी वाटते. दोघांपैकी कुणालाही लेखकाने स्वतःचं भाषण दिलेलं नाही.

[दृश्य : मांडवी, संध्याकाळ, दुकानांतली मराठी-गुजराती बोलणी]

वऱ्हाडला शेळके मिळाले, माणदेशाला 'बनगरवाडी'चे माडगूळकर, मराठवाड्याला 'पाचोळा'चे बोराडे. मला आता आमच्या बोलीतली कादंबरी हवी आहे. गायकवाडांच्या पदरी आलेल्या घरांचे आज पिढ्यान् पिढ्या इथले झालेले वंशज, गिरण्या आणि कारखान्यांत राबलेले, विद्यापीठात शिकवलेले, गुजराती सून आणलेले, मुलं इंग्रजी शाळेत घातलेले. या घरांतल्या आजीची मराठी वेगळी, नातवाची वेगळी, आणि जेवणाच्या ताटावर तिन्ही भाषा एकदम. ती कादंबरी पुस्तकी मराठीत लिहू नका. पाहुण्यांना हसू येतं तीच मराठी तिच्यात येऊ द्या, 'थोडी वार थांब'सकट, आणि तळटीप न देता. कुणी लिहीत असाल तर हस्तलिखित वाचायला मी तयार आहे. जिथे पात्राऐवजी तुम्ही बोलायला लागाल, तिथे समासात पेन्सिलीने खूण करीन.