रेडियसवरचा अंगठा

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातली ही शेड. टेबलावर बिडाची डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, आहे आणि मिस्त्री तिच्या कडेच्या गोलाईवरून अंगठा फिरवताहेत. एका जागी अंगठा अडतो. आपल्या डोळ्यांना तिथं काहीच दिसत नाही. मिस्त्री घासायचा स्टोन उचलतात, चार हात मारतात, पुन्हा अंगठा. "पत्रा हितनंच आत वढला जातोय. हितं खरखर राहिली की फाटला म्हणून समजा."

या गोलाईला इथं सगळे रेडियस म्हणतात. वरून पंच, म्हणजे पत्र्याला डायमध्ये ढकलणारा ठोकळा, उतरतो, पत्र्याच्या कडा दाबून धरणाऱ्या होल्डरखालचा पत्रा या रेडियसवर वाकतो, सरकत पुढं जातो आणि पार्टच्या उभ्या भिंतीत शिरताना पुन्हा सरळ होतो. पार्ट फाटणार की त्यावर सुरकुत्या पडणार, यातलं बरंचसं इथंच ठरतं.

ऑइल इंजिनांच्या काळापासून उद्यमनगरातल्या हातांना हे ठाऊक आहे. ते कॉम्प्युटरला कसं कळवायचं, हे पाहायला आपण माळ्यावर जाऊ.

स्क्रीनवर तीच डाय दिसते, पण तिचं वजन गेलंय. उरलीय नुसती कातडी. पत्र्यापुढं डाय इतकी कडक, की सिम्युलेशनमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर करून पाहिलेल्या या कामाच्या नकलेत, ती वाकतच नाही असं धरतात. तिच्या पोटातल्या ताणाचा हिशेब कुणी करत नाही. पत्रा जिथं टेकणार तेवढा पृष्ठभाग घ्यायचा आणि त्याचे बारीक सपाट तुकडे पाडायचे. हाच मेश.

आता सपाट तुकड्यांनी गोलाई कशी घडवायची? समजा रेडियस 8 मिलिमीटर, वळण काटकोनाचं. दोनच तुकडे पाडले, तर प्रत्येक तुकड्याचा मध्य खऱ्या गोलाईपासून सुमारे 0.6 मिलिमीटर आत जातो. आपला पत्राच मुळी 0.8 चा! मग स्क्रीनवरचा पत्रा कडेवर अडखळत सरकतो, दाबाचा आलेख उड्या मारतो आणि नसलेला दोष दिसू लागतो. तेच नऊ तुकडे केले, की फरक उरतो 0.03 मिलिमीटर.

डायच्या मेशमध्ये कंजुषी करणं मला तरी पटत नाही. गणिताचा बहुतेक वेळ पत्र्याचा मेश खातो, आणि या वळणावर तोही बारीकच लागतो. डायचे तुकडे त्यामानाने स्वस्त पडतात.

आणखी एक जागा तपासावी लागते. ड्रॉइंगच्या फाइलमध्ये दोन पृष्ठभागांच्या सांध्यात फट राहिली, तर पत्र्याचा एखादा बिंदू तिथून थेट डायच्या आत घुसतो. खऱ्या लोखंडात हे कधीच घडणार नाही.

मिस्त्रींचा अंगठा जिथं अडला होता, तोच कोपरा इंजिनिअर ताई मोठा करून पाहते. तिथं चारच तुकडे आहेत. ती नऊ करते आणि रन पुन्हा लावते. खालून स्टोनचा आवाज अजून येतोय.