भिंतीतली ओल

सांगलीचा गावभाग. जिन्याशेजारच्या भिंतीवर पेन्सिलीच्या तीन रेघा. २००५, २०२१ आणि सगळ्यात वर २०१९. त्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. धोक्याची पातळी ४५. रंगारी दरवेळी एवढी जागा सोडून रंग मारतो.

पाणी उतरलं की गाळ काढायचा, फिनेलनं फरशी धुवायची, दिवाळीला डिस्टेंपर. झालं घर स्वच्छ! आता हे कपाट उघडताना बघा. प्लायच्या पाठीवर काळी-हिरवी बुरशी, बोट फिरवलं की पूड. डांबरगोळ्या घालूनही साड्यांना कुबट वास. मावशी म्हणतात, "पाहुणे यायचे असले की आधी उदबत्ती लावते."

हा वास म्हणजे बुरशी वाढताना हवेत सोडते ती रसायनं. त्यातलंच एक ऑक्टेनॉल, अळंब्यांना वास असतो तो बराचसा त्याचाच. अमेरिकेतल्या जोन बेनेट बुरशीच्याच अभ्यासक. २००५ च्या कॅटरिना वादळात न्यू ऑर्लिन्समधलं त्यांचं घर बुडालं. मास्क लावून आत गेल्या, तरी डोकं दुखायला, मळमळायला लागलं. एन-९५ सारखा मास्क बुरशीचे बीजाणू अडवतो, वास नाही. पुढे त्यांच्या गटानं फळमाश्यांना ऑक्टेनॉलच्या वाफेत ठेवलं. माश्यांची हालचाल बिघडली, मेंदूतलं डोपामिन, हालचाल सांभाळणारं रसायन, घटलं. २०१३ सालचा शोधनिबंध. माश्यांचं माणसाला जसंच्या तसं लावता येत नाही, पण उदबत्तीनं भागत नाही एवढं नक्की.

गवंडी छिन्नी लावतो. रंगाचा पापुद्रा, खाली फुगलेला गिलावा, त्याखाली लोणा लागलेली वीट, हातानं भुगा होणारी. विटेतून ओल वर चढत राहते, म्हणून डाग दिसतो त्याच्याही हातभर वरपर्यंत गिलावा काढायचा. मग विटा उघड्या ठेवायच्या, खिडक्या उघड्या, समोर पंखा, काही आठवडे. घाई केली की पुढच्या पावसाळ्यात तीच भिंत, तोच डाग. रंगाचे पैसे मात्र दुसऱ्यांदा.

ओल आणि बुरशीच्या घरात खोकला, शिंका, दमा बळावतो. नातवाचा पंप फ्रिजवर ठेवलेला असतो.

छिन्नी रेघांपाशी येते. मावशी तेवढा तुकडा ठेवायला सांगतात.

"त्यातच ओल राहणार बघा, मावशी."

"राहू दे."