घोट्यापाशी संपणारी जाडी

[टेप घोट्याभोवती फिरते आहे.]

सकाळचे साडेआठ. जर्मनीतलं फ्रायबुर्ग. दाबमोजे, म्हणजे पायावर घट्ट दाब देणारे लांब मोजे, शिवून देणाऱ्या या दुकानात माप सकाळीच घेतात. दिवस चढला की पाय जडावतात आणि माप चुकतं. आधी घोटा, मग पोटरीचा सर्वांत जाड भाग, गुडघ्याखाली, गुडघ्यावर, मांडी. प्रत्येक ठिकाणचा घेर आणि तळव्यापासूनची उंची. ब्लाऊजच्या मापाला आपला शिंपीही इतकं बघत नाही.

पाय आहेत मूळच्या साताऱ्याच्या एका बाईंचे. चेहरा दाखवायचा नाही, एवढीच त्यांची अट.

[घोटा, जवळून.]

इथे नीट बघा. घोट्याशी कडं घातल्यासारखी वळी आहे, आणि तिच्याखालचं पाऊल अगदी सडपातळ. हा लिपेडिमा, पायांत दुखरी चरबी साठत जाण्याचा आजार. डॉक्टर पायाच्या बोटावरची कातडी चिमटीत धरतात, ती सहज उचलली जाते. हत्तीरोगाने सुजलेल्या पायात सहसा तशी उचलत नाही. मांडीवर काळेनिळे डाग आहेत, कुठे आपटलं ते बाईंना आठवत नाही. नात मांडीवर बसली तरी कळ येते.

अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या ॲलन आणि हाइन्स या डॉक्टरांनी १९४० साली या आजाराला नाव दिलं. तो जवळजवळ फक्त बायकांनाच होतो. वयात येताना, गरोदरपणात किंवा पाळी जाताना डोकं वर काढतो. बाईंना मात्र इतकी वर्षं एकच औषध मिळालं: भात सोड. त्यांनी सोडला. वजन उतरलं ते चेहऱ्याचं आणि छातीचं. पाय होते तसेच.

[विणयंत्र. सुया, मग सपाट पट्टी.]

साधा दाबमोजा नळीसारखा गोल विणतात, तो वळ्यांमध्ये रुततो. हा सपाट विणला जातो. स्वेटर विणताना आपण टाके वाढवतो, घटवतो, तसंच हे यंत्र ओळीओळीला करतं. मग मागून शिवण. कापड राठ, पण मापाला चोख. घालायला रबरी हातमोजे लागतात; वरून ओढायचं नाही, तळहाताने खालून सारत न्यायचं.

[उपचाराची खोली. गळ्यावर हात.]

दुखतात पाय आणि हात ठेवलाय गळ्यावर! लसिका, म्हणजे शरीराच्या पेशींभोवती साचणारं पाणी, शेवटी गळ्याच्या मुळाशीच रक्तात मिसळते, म्हणून आधी तिथली वाट मोकळी करायची. एमिल आणि एस्ट्रिड व्होडर या डॅनिश जोडप्याने १९३० च्या दशकात लसिका वाहती करणारी ही मालीश बसवली. तेल नाही, रगडणं नाही, कातडी नुसती हळू सरकवायची. आपली अंग मोडून काढणारी मालीश या पायांना चालणार नाही. चरबी याने वितळत नाही, मोज्यानेही नाही. ठणका उतरतो, आणि बाई जिना चढतात.

[तरणतलाव. छातीएवढ्या पाण्यात चालणाऱ्या बायका.]

पाण्याचा दाब घोट्याशी सर्वांत जास्त, वर येईल तसा कमी. मोजा करतो तेच, आणि घालायची झटापट नाही.

शस्त्रक्रियाही आहे. लायपोसक्शनने चरबी काढतात, बऱ्याच जणींचं दुखणं त्याने पुष्कळ कमी होतं. जर्मनीतला सरकारी विमा २०२० पासून फक्त तिसऱ्या, म्हणजे सर्वांत बळावलेल्या टप्प्यातल्या रुग्णांचा खर्च देत होता. जुलै २०२५ मध्ये सर्व टप्प्यांसाठी निर्णय झाला, पण आधी सहा महिने मोजे आणि व्यायाम करूनही त्रास उरला असेल तरच.

[पुन्हा दुकान. रंगांचं कार्ड.]

शेवटचा प्रश्न रंगाचा. आधीच्या दोन्ही जोड्या काळ्या होत्या.

[बोट काळ्यावरून पुढे सरकतं. मोरपंखीवर थांबतं.]