लिनक्सवर काळी स्क्रीन आली म्हणून फॉरमॅट मारू नका

नमस्कार राजेहो. आर्वी तालुक्यातल्या एका गावच्या अभ्यासिकेतला हा डेस्कटॉप बघा. उबंटू टाकलेलं आहे, कार्ड एनव्हिडियाचं जीटी ७१०. चालू केला की लोगो येतो आणि मग स्क्रीन काळी. आता कॅप्स लॉक दाबतो. दिवा लागला, पुन्हा दाबला की विझला. म्हणजे मशीन आतून व्यवस्थित चालू आहे. पोरांच्या नोट्स, भरलेल्या फॉर्मच्या पावत्या, सगळं डिस्कवर जागच्या जागी आहे. बिघडलाय तो फक्त ग्राफिक्स ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्राम, आणि तेवढ्यासाठी फॉरमॅट मारून पोरांचं काम घालवायचं नाही.

हे होतं कशानं? एनव्हिडियाचा स्वतःचा ड्रायव्हर कर्नलसोबत, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यासोबत, येत नाही, वरून बसवावा लागतो. कर्नल अपडेट झालं की डीकेएमएस नावाचा प्रोग्राम त्या नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर पुन्हा तयार करतो. जुन्या मशीनवर याला वेळ लागतो, अन् आपल्याकडे नेमकी तेव्हाच लाइन जाते. नवं कर्नल बसलेलं असतं, ड्रायव्हर मात्र अर्धवट राहतो.

आता मशीन रीस्टार्ट करा आणि सुरुवातीलाच एस्केप किंवा शिफ्ट दाबून ग्रबचा, म्हणजे कोणतं कर्नल चालू करायचं ते विचारणारा, मेनू आणा. त्यात ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये जुनं कर्नल असतं, ते निवडा. बहुतेक वेळा इथेच डेस्कटॉप दिसतो. नाहीच दिसला, तर पुन्हा रीस्टार्ट करून तोच मेनू आणा आणि पहिल्या ओळीवर 'ई' दाबा. 'लिनक्स' या शब्दानं सुरू होणारी लांबलचक ओळ शोधा, तिच्या शेवटी एक स्पेस देऊन 'नोमोडसेट' टाइप करा आणि एफ १० दाबा. स्पेलिंग स्क्रीनवर दिलंय, सगळी अक्षरं सलग. चित्र जाडंभरडं दिसेल, माउस अडखळेल, पण दिसेल. हा बदल त्या एका बूटपुरताच असतो. काही जण तो कायमचा करून ठेवतात, तसं करू नका. मग सगळं चित्र प्रोसेसरलाच काढावं लागतं.

डेस्कटॉप आला की मोबाइल यूएसबीनं जोडून टेदरिंग चालू करा आणि टर्मिनल उघडा. पहिली कमांड 'सुडो डीपीकेजी डॅश डॅश कॉन्फिगर', शेवटी डॅश ए. लाइन गेल्यामुळे अर्धवट राहिलेलं इन्स्टॉलेशन ती पूर्ण करते. मग 'डीकेएमएस स्टेटस' मारा. नव्या कर्नलच्या नंबरापुढे 'इन्स्टॉल्ड' दिसलं की रीस्टार्ट करा.

सिक्युअर बूट, म्हणजे अनोळखी ड्रायव्हर अडवणारी मशीनची सोय, चालू असेल तर ड्रायव्हर टाकल्यावर पुढच्या बूटला निळी स्क्रीन येते. घाईत एंटर दाबून पुढे जाऊ नका. 'एनरोल एमओके' निवडा आणि ड्रायव्हर टाकताना ठेवलेला पासवर्ड द्या. ते राहिलं, तर ड्रायव्हर बसलेला असूनही कर्नल त्याला आत घेत नाही.

आता माझं स्पष्ट मत सांगतो. जीटी ७१० केपलर पिढीचं कार्ड आहे, आणि त्या पिढीला एनव्हिडियाचा ड्रायव्हर ४७० मालिकेपर्यंतच मिळतो. पीडीएफ वाचायला आणि फॉर्म भरायला त्याच्यामागे धावू नका. एनव्हिडियाचे पॅकेज काढून टाका, नूवो नावाचा ओपन सोर्स ड्रायव्हर आपोआप लागेल. तो कर्नलमध्येच येतो, वेगळा तयार करावा लागत नाही, म्हणून दर अपडेटला लाइनीची धास्ती राहत नाही. व्हिडिओचा भार प्रोसेसरवर येईल, तेव्हा तो ७२०पीवर बघा. रीस्टार्टनंतर 'एलएसपीसीआय डॅश के' मारा. व्हीजीएच्या खाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज'समोर नूवो दिसलं पाहिजे.

इंटेल आणि एएमडीचेही ड्रायव्हर असेच कर्नलमध्ये असतात. म्हणून अमरावती-नागपूरहून सेकंडहँड मशीन आणत असाल, तर इंटेलचं ग्राफिक्स आतच असलेला प्रोसेसर बघा. या डेस्कटॉपमध्येही तसाच आय३ आहे. मशीन बंद करून कार्ड काढलं आणि मॉनिटरची केबल थेट मदरबोर्डच्या पोर्टला लावली, तरी अभ्यासिकेचं काम भागतं.