बारा व्हॉल्व्ह आणि एक फाइल

श्रोतेहो, नमस्कार.

मराठवाड्याला समुद्र नाही. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजच्या शेडमधून निघालेला ट्रक खाऱ्या पाण्यापाशी पोचायचा म्हणजे सव्वातीनशे-साडेतीनशे किलोमीटर जाऊन थेट मुंबई. तरीही नौदलाच्या जहाजांना लागणारे व्हॉल्व्ह, फ्लँज, ब्रॅकेट, शाफ्ट आपल्या चिकलठाण्यात, वाळूजला, शेंद्र्याला होऊ शकतात. दुचाकी-रिक्षाच्या सुट्या भागांनी इथला कारागीर चार दशकं घडवलेला आहे. अडतं ते लेथवर नाही, कागदावर. म्हणून आज एक ऑर्डर डोळ्यांपुढे ठेवून तिच्यामागून चालत जाऊ.

समजा, समुद्राच्या पाण्याच्या लाइनला लागणारे १२ गनमेटलचे, म्हणजे तांबं-कथीलाच्या मिश्रधातूचे, व्हॉल्व्ह हवे आहेत. किंमत १२ लाख, मुदत ६ महिने, वॉरंटी १२ महिने. आकडे हिशेबाच्या सोयीचे धरलेत.

हा माल घेणारा कोण, हे आधी बघा. आपल्याकडे सरकारी खरेदीसाठी संसदेने केलेला असा एक सलग कायदा नाही. २०१२ साली तसं विधेयक आलं, पण ते पार पडलं नाही. त्यामुळे सगळा डोलारा उभा आहे तो राज्यघटनेच्या कलम २९९ वर, म्हणजे सरकारचा करार राष्ट्रपतींच्या नावाने होतो त्या कलमावर, आणि अर्थखात्याच्या २०१७ च्या जनरल फायनान्शिअल रूल्सवर. त्याखाली संरक्षण खात्याच्या दोन पुस्तिका येतात. नवं जहाज, नवी पाणबुडी ही भांडवली खरेदी; तिला डिफेन्स ॲक्विझिशन प्रोसिजर २०२० लागते. सुटे भाग, दुरुस्ती, देखभाल ही महसुली खरेदी. तिला डिफेन्स प्रोक्युअरमेंट मॅन्युअल लागतं, आणि त्याची नवी आवृत्ती १ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. आपले बारा व्हॉल्व्ह नौदलाच्या घाटकोपरच्या मटेरियल ऑर्गनायझेशनने किंवा मुंबईच्या नेव्हल डॉकयार्डने मागवले, तर हे मॅन्युअल बघायचं. तेच व्हॉल्व्ह माझगाव डॉकने नव्या जहाजासाठी मागवले, तर खरेदीदार जहाजबांधणी कंपनी आहे आणि तिची खरेदी-नियमावली वेगळी. एकीकडे व्हेंडर म्हणून नोंद झाली म्हणजे दुसरीकडे झाली, असं होत नाही. प्रत्येक दाराची कडी वेगळी वाजवावी लागते.

जाता जाता सांगण्यासारखं आहे: अमेरिकेत हा मामला थेट कायद्याच्या कलमांत बांधलेला आहे. त्यांच्या सैन्यदलाचं जहाज परदेशी गोदीत बांधायला कायद्यानेच बंदी आहे. राष्ट्राध्यक्षांनी राष्ट्रीय सुरक्षेचं कारण दिलं तरच सूट. विमानवाहू जहाजं ११ पेक्षा कमी नसावीत, हासुद्धा तिथे कायदाच. आपल्याकडे जे पुस्तिकेत आहे ते मंत्रालय बदलू शकतं. म्हणून दोन वर्षांपूर्वीच्या टेंडरची अटींची पानं यंदा जशीच्या तशी वापरू नका.

आता नोंदणी. लघुउद्योगांची सरकारी नोंद, म्हणजे उद्यम नोंदणी, मोफत आहे. तिचे पैसे मागणारं पोर्टल सरकारी नाही. नोंद ‘उत्पादन’ म्हणून झाली आहे का, ते तपासा. व्यापारी म्हणून असेल तर बँकेच्या कर्जाला उपयोग होतो, सरकारी खरेदीतली सवलत मिळत नाही. ही सवलत २०१२ च्या आदेशातली. केंद्राच्या प्रत्येक खात्याने आणि कंपनीने वर्षाच्या खरेदीतले किमान २५ टक्के सूक्ष्म आणि लघुउद्योगांकडून घ्यायचे, त्यातले ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या आणि ३ टक्के महिलांच्या उद्योगांकडून. टेंडरमध्ये सर्वांत कमी भाव मोठ्या कंपनीचा आला आणि तुमचा भाव त्याच्या वर १५ टक्क्यांच्या आत असला, तर तिच्या भावाला उतरून काही माल पुरवण्याची संधी तुम्हाला द्यावी लागते. तिचा भाव १०० आणि तुमचा ११४, तर तुम्हाला विचारणा होईल. पण माल १०० नेच द्यावा लागेल. ती विचारणा आली की हिशेब नव्याने मांडा, हुरळून होकार देऊ नका.

दुसरा कागद म्हणजे स्वदेशी अंशाचं प्रमाणपत्र. किमतीतला ५० टक्के किंवा जास्त भाग देशी असेल तर तुम्ही पहिल्या वर्गाचे पुरवठादार. २० ते ५० च्या मध्ये असाल तर दुसऱ्या. चूक नेमकी कुठे होते? मुंबईच्या डीलरकडून घेतलेला बार, बिल देशी जीएसटीचं, म्हणून तो देशी धरला जातो. माल बाहेरून आलेला असेल तर मधला डीलर मुंबईचा असल्याने तो देशी होत नाही. खोटं प्रमाणपत्र निघालं तर दोन वर्षांपर्यंत बंदी येऊ शकते.

आणि आता जिथे बरेच जण फसतात ती जागा. लघुउद्योगाला अनामत रक्कम, म्हणजे ईएमडी, माफ असते. हे ऐकून लोक समजतात की बँक गॅरंटीही माफ. तसं नाही. ऑर्डर लागल्यावर परफॉर्मन्स सिक्युरिटी, म्हणजे काम नीट पुरं करण्याची हमी-रक्कम, द्यावीच लागते. ५ टक्के धरली तर आपल्या १२ लाखांवर ६० हजार. रक्कम मोठी वाटत नाही, पण ती किती दिवस अडकते ते बघा. वॉरंटीसह सगळी जबाबदारी संपल्यावर वर ६० दिवस ती जिवंत असायला हवी. सहा महिने, अधिक बारा, अधिक दोन: वीस महिने. अशा चार ऑर्डरी एकदम घेतल्या की खेळतं भांडवल बँकेच्या तिजोरीत जाऊन बसतं आणि पगाराला ओढाताण होते. भाव भरतानाच बँकेचं कमिशन आणि या वीस महिन्यांचं व्याज त्यात धरा.

आता शेडमध्ये या. दुचाकीच्या भागांची ऑर्डर हजारांत असते. पहिले पन्नास पीस बिघडले तरी सेटिंग बसतं. इथे पीस बाराच. आणि प्रत्येकाची जन्मकुंडली लागते.

गनमेटलचं उदाहरण घेऊ. ड्रॉइंगवर एलजी-२ लिहिलं असेल तर मिश्रण ८५-५-५-५: तांबं ८५, कथील ५, शिसं ५, जस्त ५. दिसायला पितळही तसंच पिवळं आणि बरंच स्वस्त. पण पितळात जस्त ३०-४० टक्के असतं. खाऱ्या पाण्यात ते जस्त विरघळून जातं आणि मागे तांब्याचा स्पंजासारखा भुसभुशीत सांगाडा उरतो. वरून व्हॉल्व्ह धडधाकट दिसतो आणि एक दिवस स्पिंडल हातात तुटून येतं. घरच्या पाण्याच्या लाइनला जे चालतं ते जहाजात का चालत नाही, त्याचं कारण हे. स्टेनलेसचंही तसंच: ३०४ ला समुद्राचे क्लोराइड टोचून भोकं पाडतात, ३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं म्हणून तो तग धरतो. ‘साहेब, मटेरियल मिळत नव्हतं, त्याच्या जवळचं वापरलं’ हे वाक्य माल तपासायला येणाऱ्या निरीक्षकापुढे कधी उच्चारू नका. पर्याय वापरायचा असेल तर ओतकामाआधी लेखी मंजुरी घ्या. तोंडी मंजुरी म्हणजे मंजुरी नव्हे, मग फोनवर कोणीही काहीही म्हटलेलं असो.

ऑर्डर हातात आली की सगळ्यात आधी क्वालिटी ॲश्युरन्स प्लॅन बनवून मंजुरीला पाठवायचा. कोणत्या टप्प्यावर कोणती चाचणी, कोणत्या प्रमाणाने, निरीक्षक हजर हवा की नुसता कागद चालेल, हे त्यात टप्प्याटप्प्याने लिहिलेलं असतं. ज्या टप्प्याला ‘होल्ड’ म्हटलंय तिथे निरीक्षक आल्याशिवाय पुढचं काम करायचं नाही. बहुतेक ऑर्डरी इथे नासतात. मंजुरीला वेळ लागतो, मुदतीचे दिवस सरत जातात, मालकाला घाई होते आणि ओतकाम उरकून घेतलं जातं. मग निरीक्षक येतो आणि विचारतो, टेस्ट बार कुठे आहे? टेस्ट बार म्हणजे धातू तपासण्यासाठी ओतलेला नमुना; तो त्याच हीटमधून, म्हणजे एकदा वितळवलेल्या त्याच रसातून, त्याच वेळी ओतलेला हवा. नंतर ओतलेला बार हा दुसऱ्याच धातूचा बार आहे; कायद्याच्या नजरेत आणि धातुशास्त्राच्याही. बाराच्या बारा कास्टिंग चांगली असूनही भंगारात जातात.

हीट नंबरचंही असंच. शिक्का बारच्या एका टोकाला असतो. करवतीवर पोरगं नेमकं तेच टोक आधी कापतं आणि पेटीत टाकतं. उरलेला बार निनावी झाला. कापण्याआधी नंबर प्रत्येक तुकड्यावर उतरवायचा आणि करारात तसं असेल तर निरीक्षकाने आपला शिक्का त्याशेजारी मारायचा. हे काम पाच मिनिटांचं आहे; न केल्यास पुन्हा खरेदी आणि पुन्हा प्रयोगशाळा.

कास्टिंगला छिद्र दिसलं की वेल्डने भरून टाकायची आपल्या फौंड्रीत सवय आहे. नौदलाच्या कामात विचारल्याशिवाय वेल्ड मारू नका. बॉडीची हायड्रो टेस्ट, म्हणजे आत पाणी भरून दाब देण्याची चाचणी, सहसा कामाच्या दाबाच्या दीडपट असते. १० बार दाबाच्या लाइनला १५ बार दाब. तिथे लपवलेलं वेल्ड घाम फोडतं, म्हणजे शब्दशः घाम: बाहेरून थेंब येतात. प्रेशर गेजचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट मुदतीतलं हवं, नाहीतर चाचणी झाली तरी धरली जात नाही. कॅलिब्रेशन आणि अचूक मापनासाठी मुंबई-पुण्याला धावायची गरज नाही. चिकलठाण्यातलं इंडो जर्मन टूल रूम जवळ आहे. मात्र रासायनिक चाचणीसाठी प्रयोगशाळा एनएबीएल, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ, याची मान्य आहे का आणि ती मान्यता नेमक्या त्याच चाचणीला आहे का, दोन्ही बघा. यादीत धातू असतो, पण हवी ती चाचणी नसते, असं होतं.

ड्रॉइंगबद्दल एक सूचना. नौदलाचं ड्रॉइंग गोपनीय म्हणून आलं असेल तर ते फौंड्रीवाल्याला व्हॉट्सॲपवर पाठवू नका. १९२३ चा शासकीय गुपिते कायदा अजून जिवंत आहे. बाहेर काम द्यायचं तर परवानगी घेऊन, लागेल तेवढाच भाग काढून, सही घेऊन द्या आणि काम झाल्यावर परत घ्या.

उशीर झाला तर? करारातला दंड सहसा दर आठवड्याला, उशिरा आलेल्या मालाच्या किमतीच्या अर्धा टक्का असतो, ठरलेल्या कमाल मर्यादेपर्यंत. आपल्या बारातले चार व्हॉल्व्ह सहा आठवडे उशिरा गेले, तर ४ लाखांवर ३ टक्के, म्हणजे १२ हजार. हे सोसण्यासारखं आहे. सोसत नाही ती मुदतवाढ न मागता मुदत संपू देण्याची चूक, कारण मग ऑर्डर रद्द करून तुमच्या खर्चाने दुसरीकडून माल घेण्याचा अधिकार खरेदीदाराला मिळू शकतो. म्हणून कारण घडल्याच्या आठवड्यातच पत्र द्या. आयात होणारी वस्तू पहिल्यांदाच देशात बनवायची ऑर्डर असेल तर नवं मॅन्युअल उदार आहे: विकासाच्या टप्प्यात दंड नाही. अशा वस्तूंची यादी संरक्षण खात्याच्या सृजन पोर्टलवर आहे. ते १४ ऑगस्ट २०२० ला सुरू झालं. दुरुस्तीची कामं घेणाऱ्यांसाठी आणखी एक: जहाज गोदीत उघडल्यावर काम वाढतंच, म्हणून १५ टक्के वाढीव कामाची तरतूद आता आधीच धरलेली असते.

पैसे. २००६ च्या एमएसएमई कायद्याने करारात काहीही लिहिलं तरी माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या पुढे जाता येत नाही. पुढे गेलं तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढीने व्याज. माल पोचल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर पोचल्याचा दिवसच स्वीकाराचा दिवस धरला जातो. म्हणून पोचपावतीवर तारीख आणि शिक्का आहे ना, ते ड्रायव्हरला निघण्याआधी बघायला सांगा. बिल अडतं ते बहुधा क्षुल्लक कारणाने: ऑर्डरमध्ये ‘व्हॉल्व्ह, गेट, ६५ मिमी’ आणि बिलात ‘गेट व्हॉल्व्ह अडीच इंची’. लेखा कार्यालयातल्या माणसाला या दोन वस्तू वेगळ्या. ऑर्डरमधलं वर्णन अक्षरशः उतरवून काढा.

शेवटी अणुऊर्जेचा प्रश्न, कारण हल्ली लष्करी तळांवर छोट्या अणुभट्ट्या येणार अशी चर्चा असते. ती मुख्यतः अमेरिकेची आहे. तिथे १९५४ च्या अणुऊर्जा कायद्याचं कलम ९१ लष्कराला नागरी परवान्याच्या वाटेबाहेर भट्टी घेण्याची मुभा देतं, आणि मे २०२५ च्या अध्यक्षीय आदेशाने ३० सप्टेंबर २०२८ पर्यंत देशातल्या एका तळावर भट्टी चालू करायला सांगितलंय. त्यांनी हे आधीही करून पाहिलं आहे. ग्रीनलंडच्या बर्फात आणि अंटार्क्टिकावरही त्यांच्या भट्ट्या चालल्या. ३ जानेवारी १९६१ ला आयडाहोत लष्कराच्या एसएल-१ या भट्टीचा मधला नियंत्रक दांडा हाताने फार वर ओढला गेला आणि तिघे गेले.

आपल्याकडच्या पुरवठादाराला कामाचा मुद्दा वेगळा. २०१० च्या अणुदायित्व कायद्यात, सदोष मालामुळे अपघात झाला तर भट्टी चालवणाऱ्याला पुरवठादाराकडून भरपाई वसूल करता येत होती. त्या एका कलमाने व्हॉल्व्ह-पंपवाले वर्षानुवर्षं बिचकले. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या ‘शांती’ या नव्या अणुऊर्जा कायद्यात ते कलम नाही. वसुलीचा हक्क आता करारात लेखी असेल तर, किंवा कोणी जाणूनबुजून नुकसान केलं असेल तर. म्हणजे धोका कायद्यातून उठून कराराच्या पानावर आला. तुमच्याकडे अशी चौकशी आली तर भावाच्या रकान्याआधी दायित्वाचं पान उघडा, रकमेची कमाल मर्यादा लिहिलेली आहे का ते बघा आणि नसेल तर ती लिहून घेतल्याशिवाय सही करू नका.

नमस्कार.